हिरव्या आकड्यासाठी डिझेल

“परवा बोर्डावर शून्य दिसलं पाहिजे, वानखेडे. शून्याच्या खाली गेलं तर उत्तमच.”

डॉ. देवतळे हे म्हणाले तेव्हा आम्ही कुलगुरूंच्या केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर नागपूरचा मे महिना होता. आत एसी अठरावर होता. आम्ही सगळे हात चोळत कार्बन कसा कमी करायचा यावर बोलत होतो.

मी नागपूरच्या एका विद्यापीठात विद्युत अभियंता आहे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. ज्याला आपलंच वाटेल त्याने आपलं समजावं. माझं काम साधं. वीज यावी, गेली तर परत यावी, आणि बिल आलं की बोलणी मी खावीत. कुलगुरूंनी एका दीक्षान्त समारंभात जाहीर केलं की आपलं विद्यापीठ ‘कार्बन न्यूट्रल’ होणार. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून तेही माझं काम झालं.

कार्बन न्यूट्रल म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. आपली बरीचशी वीज कोळशाची. खोलीत एसी लावला की कुठेतरी कोळसा जळतो. मेसमधला गॅस, विद्यापीठाच्या बसेस, जनरेटर, हे त्यात मिळवायचं. हे सगळं आधी होईल तेवढं कमी करायचं. उरेल तेवढं सौर वीज बनवून, झाडं लावून भरून काढायचं. हिशोब बरोबर सुटला की तुम्ही न्यूट्रल. हिशोबात काय धरायचं आणि काय सोडायचं, याला आमच्या धंद्यात ‘बाउंड्री’ म्हणतात. सगळी कला या बाउंड्रीत आहे.

मी सुरुवातीला फार मनापासून कामाला लागलो होतो. कॅम्पस पालथा घातला. जुने एसी बदलावेत, वर्ग रिकामा झाला की पंखे आपोआप बंद व्हावेत, मेसमध्ये वाफेवर भात शिजवावा असा आराखडा केला. सगळ्यात जास्त वीज खाते ती संशोधनाची बिल्डिंग. तिथे प्रत्येक प्राध्यापकाचा स्वतःचा डीप फ्रीजर. उणे ऐंशी तापमानाचा. असा एक फ्रीजर एखाद्या घराएवढी वीज पितो. आत बघावं तर निम्मे रिकामे. मी लिहिलं, दोन-तीन विभागांनी मिळून एक वापरावा, जिथे चालेल तिथे उणे सत्तरवर ठेवावा. संशोधन तेवढंच राहील, बिल उतरेल.

डॉ. देवतळे संशोधनाचे डीन आणि कार्बन समितीचे समन्वयक. त्यांनी आराखडा शेवटपर्यंत वाचला. माणूस वाचणारा आहे, ते खोटं का सांगू.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण यात फोटो काढण्यासारखं काय आहे?”

“काही नाही सर.”

“मग?”

मग छतांवर सौर पॅनल बसले आणि मुख्य गेटवर डिजिटल बोर्ड लागला. सौर वीज किती बनली, बाहेरच्या ग्रीडमधून किती घेतली, हे त्यावर त्या क्षणाला दिसतं. आपण जास्त बनवून बाहेर देत असलो की आकडा हिरवा. घेत असलो की लाल. बोर्डाची जोडणी मी केली. जनरेटरचं मीटर त्यात घेतलं नाही. कुणी मागितलं नव्हतं, आणि न मागितलेलं देण्याची खोड माझी तोवर गेली होती.

तर परवा मूल्यांकन समिती येणार होती. नागपुरात मे महिन्यात पाहुणा स्वखुशीने येत नाही, पण समितीला हीच तारीख सोयीची होती. मानांकन मिळालं तर नवे कोर्स, नवा निधी. आणि बोर्ड दिवसभर लालभडक.

“ग्रीडचा मेन स्विचच बंद करा ना,” डॉ. देवतळे म्हणाले. “आपण सूर्यावर चालू.”

“सर, ग्रीड बंद केलं की सौरही बंद पडतं. आपले इन्व्हर्टर ग्रीडच्या आधारावर चालतात. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते.”

कुलगुरूंनी चष्मा काढला. “म्हणजे बाहेरची वीज गेली तर आपलं सौरही जातं?”

“हो सर.”

“हे उद्घाटनाच्या वेळी का नाही सांगितलं?”

“सर, तेव्हा फीत कापणं चालू होतं.”

हे शेवटचं वाक्य मी मनात बोललो. तोंडाने “सॉरी सर” म्हणालो.

डॉ. देवतळे खुर्चीत पुढे झुकले. “संशोधनाची बिल्डिंग सगळ्यात जास्त खाते ना? ती एक दिवस जनरेटरवर टाका. बाकीचा कॅम्पस सौरवर भागेल. बोर्ड हिरवा.”

“सर, जनरेटर डिझेलवर चालतो.”

“डिझेल बोर्डावर दिसतं का?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही. कार्बन कमी दिसावा म्हणून डिझेल जाळायचं, हे जगात आणखी कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही. ते अमलात आणणारा मी. प्रमोशनची फाइल त्याच टेबलावर आहे हे मला माहीत होतं. ती हलली नाही तरी ती आहे, एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी तयारीला लागलो. संशोधन बिल्डिंगमध्ये फोन केला, अटेंडंटला विचारलं, उद्या जनरेटरवर काही अडचण? तो म्हणाला, काही नाही. मी तेवढ्यावर समाधान मानलं. वर जाऊन बघितलं नाही. ऊन फार होतं, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या ऑफिसपासून ती बिल्डिंग समोरच दिसते.

संध्याकाळी प्रणाली रामटेके माझ्याकडे आली. पीएच.डी.ची विद्यार्थिनी. उमरेडची. तिचे वडील खाणीत डंपर चालवतात. कोळशाच्या वरची माती काढून तिचे जे डोंगर, म्हणजे डंप, रचतात, त्या डोंगरांवर झाडं लावली तर ती माती किती कार्बन धरून ठेवते, हा तिचा विषय. “बाबा डोंगर रचतात, मी त्याच्यावर काय उगवते ते पाहते,” असं ती सांगायची. आमच्या कॅम्पसवर कार्बनचा खरा अभ्यास करणारं हे एकच माणूस, आणि कार्बन समितीत तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“सर, उद्या आमची बिल्डिंग जनरेटरवर टाकून राहिले म्हणे?”

“एकच दिवस.”

“काहून?”

“समिती आहे.”

“माह्या फ्रीजरचं काय होईन मग? तो लई जुना आहे सर. दार नीट बसत नाही, वरच्या कप्प्यातला गारवा लवकर उतरतो. अन् वरच्याच कप्प्यात पहिल्या मोसमाची माती आहे. तो डंपच आता राहिला नाही सर, तिथं पुन्हा खोदलं. ते नमुने गेले तर पहिला मोसम गेला. पहिल्याशिवाय बाकीचे मोजू कशाशी?”

मातीचं तसं काही बिघडत नाही. मातीत जे सूक्ष्मजीव असतात त्यांचा अभ्यास करायचा, तर ती उणे ऐंशीला गोठवूनच ठेवावी लागते. एकदा वितळली की ती नुसती माती.

“तुझ्या फ्रीजरला काही होणार नाही,” मी म्हणालो. “माझा शब्द.”

ती निर्धास्त होऊन गेली. तिचं ते ‘थँक्यू सर’ मला अजून ऐकू येतं.

समिती सकाळी आली. मी जनरेटरचा पॅनल मॅन्युअलवर टाकला. एरवी तो ऑटोवर असतो. ग्रीड गेलं की जनरेटर आपोआप सुरू होतो, ग्रीड आलं की बंद होतो. पण ग्रीड चालू असताना जनरेटर चालवायचा, तर मॅन्युअलच लागतं. मॅन्युअलवर असताना जनरेटर बंद पडला तर बिल्डिंग आपोआप ग्रीडवर येत नाही. कुणीतरी हाताने स्विच फिरवावा लागतो. तो कुणीतरी मी.

माझ्याबरोबर आमचे वायरमन शेंडे होते. जनरेटर धडधडला, काळा धूर सोडला, तो धूर बिल्डिंगमागच्या कडुनिंबावर जाऊन बसला. गेटवरचा बोर्ड हिरवा झाला.

“डिझेल जाळाचं अन् सूर्याचं नाव सांगाचं,” शेंडे म्हणाले. “वा रे बाप्पा! साहेब, ही आयडिया कोणाची जी?”

“वरून आली.”

“वरून तं उन्हच येऊन राहिलं फक्त.”

समितीने बोर्ड पाहिला. फोटो काढले. अध्यक्ष म्हणाले, वा. मग सगळे सभागृहात गेले. तिथे एसी इतका होता की स्वागताच्या शाली लोकांनी खरोखर पांघरून घेतल्या. सभागृह मुख्य बिल्डिंगमध्ये, त्यामुळे तो गारवा मात्र सौर होता.

दुपारी जनरेटर बंद पडला. त्याच्या शेडला पत्रे आहेत, वारा नाही. रेडिएटरचं पाणी तापलं की तो स्वतःच बंद होतो, तशीच त्याची रचना आहे. शेंडेंनी पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“साहेब, ह्याले उन्ह लागलं. आता थंडा झाल्याशिवाय काही उठत नाही हा.”

स्विच फिरवला की बिल्डिंग ग्रीडवर. क्षणाचं काम. मी हात पुढे केला, आणि मग डीनसाहेबांना फोन लावला.

सगळं सांगायला बसलोच आहे, तर हेही सांगतो. फोन लावायची काहीच गरज नव्हती.

“आत्ता नाही!” डॉ. देवतळे कुजबुजले. मागे कुणाचं तरी भाषण चालू होतं. “जेवणं व्हायची आहेत. ते गेटमधून बाहेर पडू दे, मग काय करायचं ते करा.”

“सर, वर फ्रीजर आहेत.”

“फ्रीजर बंद असला तरी थंड राहतो, वानखेडे. घरी लाइट जाते तेव्हा काय करता तुम्ही?”

घरी माझ्याकडे दही असतं. पण मी थांबलो.

जेवण लांबलं. समितीतल्या एकांना सावजी रस्सा खायचा होता, तो बाहेरून मागवला. तो तिखट लागला, म्हणून दही मागवलं. मी स्विचसमोर उभा. प्रणालीचा फोन आला.

“सर, लाइट गेली. फ्रीजर बोंबलून राहिला.”

“दार उघडू नको. लाइट येते दहा मिनिटांत.”

तिचा पुन्हा फोन आला. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी फोनमधून फक्त फ्रीजरचा अलार्म ऐकू आला. तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला होता.

“फिरवा नं साहेब,” शेंडे म्हणाले. “मी फिरवू का?”

मी फिरवला.

बिल्डिंग ग्रीडवर आली आणि गेटवरचा बोर्ड लाल झाला. त्याचं पुढे काय झालं ते नंतर कळलं. समितीतल्या एका मॅडमनी खिडकीतून पाहून विचारलं, हे लाल का झालं? डॉ. देवतळे क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “मॅडम, संशोधन सुरू झालं.” मॅडम खूश झाल्या. म्हणजे ज्या लाल आकड्यासाठी मी एवढा वेळ घाबरलो, त्याला एका वाक्याचा खर्च होता.

मी वर धावलो. बाकीचे फ्रीजर सुरू झाले होते. प्रणालीचा नाही. जुना कॉम्प्रेसर, खोलीचा एसी एवढा वेळ बंद, आणि उन्हाने खोलीची भट्टी झालेली. तो एकदा घुरघुरला आणि गप्प बसला.

“आवाजच नाही येऊन राहिला सर,” ती म्हणाली. रडत नव्हती. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून तयार उभी होती. “बाजूच्या खोलीतला फ्रीजर चालू आहे, अर्धा रिकामा आहे. पण त्याले कुलूप आहे.”

“किल्ली?”

“बारापात्रे सरांपाशी. सर समितीसोबत आहेत. फोन सायलेंटवर.”

मी सभागृहात पोचलो तेव्हा समारोपाचा सत्कार चालू होता. बारापात्रे सर मंचावर बसले होते. मी सरळ मंचावर चढलो. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. निवेदिकेने मला पाहिलं, क्षणभर थांबली, मग माइकमध्ये म्हणाली, “आणि आजच्या या हिरव्या यशाचे शिल्पकार, आपले विद्युत अभियंता, श्री. वानखेडे!”

टाळ्या. समितीच्या अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मी नारळ घेऊन बारापात्रे सरांच्या कानाशी वाकलो.

“सर, फ्रीजरची किल्ली.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“राष्ट्रगीत होऊ द्या.”

राष्ट्रगीत झालं. किल्ली मिळाली. मी शालीसकट पळत सुटलो. नमुने भरलेलं खोकं एव्हाना पाझरायला लागलं होतं. आम्ही ते त्या शालीत गुंडाळून बाजूच्या खोलीत नेलं. खालच्या कप्प्यांतल्या पिशव्या दगडासारख्या होत्या. वरच्या कप्प्यातली पहिली पिशवी प्रणालीने बोटाने दाबली. बोट आत गेलं. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग दाबायचं थांबवलं.

“माफ कर,” मी म्हणालो.

“तुम्ही शब्द देल्ता ना सर,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मानांकन मिळालं. वरच्या श्रेणीचं. गेटवर त्याची पाटी लागली.

महिन्याभराने संशोधन समितीची बैठक झाली. पीएच.डी.चं काम नीट चाललंय की नाही, ते ही समिती बघते. अध्यक्ष डॉ. देवतळे. प्रणालीचा पहिला मोसम का गेला, हा विषय होता. मला तांत्रिक माहिती द्यायला बोलावलं होतं. आत जाण्याआधी डीनसाहेबांनी मला पॅसेजमध्ये गाठलं.

“वीजपुरवठा खंडित झाला, एवढंच म्हणा. खोटं नाही ते.”

खरंच खोटं नव्हतं. पण त्याचा अर्थ वेगळा होत होता. वीज जाणं ही नेहमीची गोष्ट, त्यासाठी बॅकअप ठेवणं विद्यार्थ्याची जबाबदारी, असा नियम. म्हणजे चूक प्रणालीची, आणि तिने पहिला मोसम पुन्हा करावा. ज्या डोंगरावर करायचा तो डोंगर उरलेला नाही. म्हणजे प्रबंध संपला. चूक विद्यापीठाची ठरली, तर उरलेल्या नमुन्यांवर प्रबंध सादर करायची सवलत मिळत होती.

आत प्रणाली कोपऱ्यात बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“काय झालं होतं, वानखेडे?” एका बाहेरच्या सदस्यांनी विचारलं.

“वीज गेली नव्हती सर,” मी म्हणालो. “ग्रीड दिवसभर चालू होतं. गेटवरचा आकडा हिरवा दिसावा म्हणून मी ही बिल्डिंग डिझेलवर टाकली. जनरेटर बंद पडल्यावर आकडा लाल होऊ नये म्हणून मी ती तशीच ठेवली. या मुलीने आदल्या दिवशी येऊन मला धोका सांगितला होता. मी तिला शब्द दिला होता.”



“कुणाच्या सांगण्यावरून?” सदस्यांनी विचारलं.

मी डॉ. देवतळेंकडे पाहिलं. ते पाण्याचा ग्लास सरळ करत होते.

“डीनसाहेबांच्या. पण स्विच माझ्या हातात होता.”

प्रणालीला सवलत मिळाली. उरलेल्या मोसमांची तुलना खाणीजवळच्या न खोदलेल्या जमिनीशी करावी, असं ठरलं. काम वाढलं, प्रबंध वाचला. माझी प्रमोशनची फाइल त्या टेबलावरून कुठे गेली ते विचारलं नाही. शिक्षा मात्र लगेच मिळाली. विद्यापीठाने मला कार्बन न्यूट्रॅलिटीचा नोडल ऑफिसर नेमलं. ज्या माणसावर राग असतो त्याला आमच्याकडे समिती देतात.

मग मी जनरेटरचं मीटर बोर्डाला जोडलं. काही दिवसांत बोर्ड देखभालीसाठी बंद ठेवण्याचा आदेश आला. मला चाललं. मी जुना आराखडा काढला. या वेळी प्रत्येक खोलीत स्वतः गेलो. कुणाला कोणता फ्रीजर किती थंड लागतो, कशाला लागतो, ते समोर बसून विचारलं. बारापात्रे सरांनी सगळ्यात आधी जागा दिली. आता चार विभाग एक फ्रीजर वापरतात आणि किल्ली दारालाच टांगलेली असते. बिल उतरलं आहे. त्याचा फोटो अजून कुणी काढलेला नाही.

यंदा प्रणालीची खुली मौखिक परीक्षा झाली. पीएच.डी.च्या शेवटी सगळ्यांसमोर काम मांडायचं असतं, ती. उमरेडहून तिचे आईवडील पहिल्या बसने आले होते. मी मागच्या रांगेत बसलो होतो, पुढे डॉ. देवतळे. पडद्यावर तिचा आलेख आला. सगळे मोसम ओळीने, आणि सुरुवातीला एक रिकामी जागा.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या जागेवर बोट ठेवलं. “इथला डेटा कुठे आहे?”

प्रणालीने एकदा मागे माझ्याकडे पाहिलं. मग परीक्षकांकडे वळली.

“त्या दिवशी आमचं विद्यापीठ कार्बन न्यूट्रल होतं, सर.”

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने डॉ. देवतळे. परीक्षकही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. ती पास झाली.

माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या इंजिनिअरांना मी आता एवढंच सांगतो. कुठल्याही खोलीची वीज काढण्याआधी त्या खोलीत स्वतः जाऊन या, फोन करू नका. ते मान हलवतात, आणि आपल्या जागेवर जाऊन फोन करतात.